फ्रेंच गाणं ऐकायला शिकताना: नवख्यांसाठी काही पायऱ्या

अकरावी-बारावीला दुसरी भाषा म्हणून फ्रेंच घेतलेली मुलं महाराष्ट्रातल्या पुष्कळ कॉलेजांत सापडतात. पुण्या-मुंबईच्या आलियाँस फ्राँसेझमध्ये नोकरी सांभाळून संध्याकाळच्या वर्गाला जाणारेही बरेच असतात. क्रियापदांची रूपं तोंडपाठ होतात, परीक्षा पार पडते, आणि तरीही फ्रेंच गाणं लावलं की अकॉर्डियनचे सूर आणि एक भरदार आवाज यापलीकडे हाती काही लागत नाही. हा लेख त्यांच्यासाठी आहे. फ्रेंच अजिबात येत नाही पण ही गाणी ऐकायची ओढ आहे, अशांनाही तो वापरता येईल.

सगळ्या पायऱ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. 'शाँसों' म्हणून जी परंपरा ओळखली जाते, तिच्यात गाणं हा आधी मजकूर असतो. गायक काहीतरी सांगत असतो आणि चाल त्या सांगण्याला आधार देते. आपला कान हरकती, मुरक्या, समेवर येणं शोधतो. ते तिथे नसतं, म्हणून गाणं सपाट वाटतं आणि आपण पुढच्या गाण्याकडे वळतो. शब्द समोर ठेवून तेच गाणं ऐकलं की त्यातली चढउतार दिसू लागते.

पहिली पायरी: सुरुवात पियाफपासून करू नका

एदित पियाफ थोर गायिका आहे, यात शंका नाही. पण तिची ध्वनिमुद्रणं जुनी, मागे मोठा वाद्यवृंद, आणि 'र' असा घोळवलेला की वर्गात शिकलेल्या घशातल्या 'र'शी त्याची ओळखच पटत नाही. शिवाय तिचा आवाज इतका व्यापून टाकतो की शब्दांकडे लक्ष जात नाही. तिच्याकडे थोडं थांबून या.

त्याऐवजी उच्चार स्वच्छ असलेली चार गाणी निवडा. फ्राँस्वाझ आर्दीचं १९६२ चं 'तू ले गार्सों ए ले फीय' हे अठरा वर्षांच्या मुलीने स्वतः लिहिलेलं गाणं आहे. आपल्या वयाची सगळी मुलंमुली जोडीजोडीने फिरताहेत आणि आपण एकटे, एवढंच त्यात आहे. भाषा सोपी, वर्तमानकाळ, आवाज शांत. जो दासँचं १९६९ चं 'ले शाँझेलीझे' चालीला हलकं आहे. त्याची मूळ चाल एका इंग्रजी गाण्याची, पण फ्रेंच शब्दांनी ते पूर्ण पॅरिसचं झालं. शार्ल त्रेनेचं 'ला मेर' (१९४६) समुद्राचं वर्णन आहे, लांब स्वरांचं, सावकाश. आणि शार्ल आझनावूरचं 'ला बोएम' (१९६५): एक म्हातारा चित्रकार मोंमार्त्रमधली आपली तरुणपणची उपासमारीची, पण सुखाची वर्षं आठवतो. अपूर्ण भूतकाळ शिकणाऱ्याने हे गाणं जरूर घ्यावं. तो काळ नेमका कशासाठी असतो, हे व्याकरणाच्या तक्त्यापेक्षा या चार-पाच मिनिटांत जास्त नीट कळतं.

दुसरी पायरी: एक गाणं, अनेकदा

एका बैठकीत वीस गाणी ऐकू नका. एकच गाणं घ्या आणि पाच फेऱ्यांत ऐका.

पहिल्यांदा काहीही समोर न ठेवता. सुखाचं आहे की दुःखाचं, कोण कुणाशी बोलतंय, कुठे आवाज बदलतो, एवढंच टिपा. दुसऱ्यांदा फ्रेंच शब्द समोर ठेवून. शोधखिडकीत गाण्याच्या नावापुढे 'पारोल' (paroles) हा शब्द टाकला की गीताचे शब्द मिळतात. तिसऱ्या वेळी गाणं बंद करून तोच मजकूर मोठ्याने वाचा, कविता वाचावी तसा. ही पायरी लोक हमखास गाळतात आणि खरा फायदा इथेच आहे. मग अर्थ लावा. यंत्राने केलेलं भाषांतर आधाराला घ्या, पण बोलीतले आणि जुने शब्द त्याला नीट जमत नाहीत, ते शब्दकोशात बघा. शेवटी पुन्हा एकदा, शब्द न बघता ऐका.

टीव्ही ५ मोंद या फ्रेंच वाहिनीच्या भाषाशिक्षणाच्या संकेतस्थळावर गाण्यांवर आधारलेले स्वाध्याय असतात, तेही उपयोगी आहेत. जुन्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांचं जतन करणाऱ्या 'इना' या फ्रेंच राष्ट्रीय संस्थेने पुष्कळ गायकांची मंचावरची चित्रणं खुली केली आहेत. शक्य असेल तेव्हा चित्रणच पाहा. आझनावूरच्या हातातला पांढरा रुमाल किंवा जाक ब्रेल या गायकाच्या चेहऱ्यावरचा घाम हा त्या गाण्याचा भागच आहे.

तिसरी पायरी: न उच्चारलेला 'ए' गाताना परत येतो

नवख्या माणसाची सगळ्यात मोठी अडचण इथे आहे, म्हणून थोडं थांबू.

फ्रेंच बोलताना शब्दाच्या शेवटी लिहिलेला 'ए' (e, ज्याचा उच्चार 'अ'सारखा) बहुधा गळतो. गाताना मात्र तो अक्षर म्हणून मोजला जातो आणि त्याला स्वतःचा सूर मिळतो. जगभरच्या बालवर्गांत पोचलेलं 'फ्रेर जाक' घ्या. बोलताना ही दोन अक्षरं आहेत: फ्रेर, जाक. गाताना चार होतात: फ्रे-र-जा-क, आणि 'र' व 'क' दोन्हींत अ पूर्ण.

मराठी माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. आपणही बोलताना 'घर'मधला शेवटचा अ गिळतो, पण वृत्तात बांधलेली कविता म्हणताना त्या 'र'चं पूर्ण अक्षर धरतो आणि तो तसा म्हणतोही. फ्रेंच छंदशास्त्रही अक्षरं मोजतं, आणि गाण्याने ती जुनी मोजणी सांभाळून ठेवली आहे.

सराव म्हणून 'ओ क्लेर द ला ल्यून' हे लहान मुलांचं गाणं घ्या. पहिली ओळ बोटांवर मोजा: ओ, क्लेर, द, ला, ल्यू, न. सहा अक्षरं, सहा सूर. शेवटचा 'न' सोडला तर चाल लंगडी पडते. या साध्या गाण्याला एक वेगळाच मान आहे. एदुआर-लेओं स्कॉट द मार्तँव्हिल याने ९ एप्रिल १८६० रोजी काजळी धरलेल्या कागदावर आवाजाच्या लहरी उमटवल्या, त्या याच गाण्याच्या. त्याच्या यंत्राला आवाज परत ऐकवता येत नव्हता. २००८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी त्या रेघांमधून संगणकाच्या मदतीने आवाज काढला. एडिसनच्या फोनोग्राफच्या सतरा वर्षं आधीचं हे मानवी गाणं आहे.

हा 'ए' किती उच्चारला जातो यावरून गाण्याचा बाजही कळतो. कवितेच्या जवळची गाणी तो काटेकोर पाळतात. रस्त्यावरच्या भाषेतली गाणी आणि रॅप तो बेधडक गाळतात. दक्षिण फ्रान्सच्या लोकांच्या बोलण्यातही तो ऐकू येतो.

बाकीचे उच्चार, थोडक्यात

शब्द एकमेकांना चिकटतात. 'शाँ' आणि 'एलीझे' शेजारी आले की मध्ये झ उभा राहतो आणि 'शाँझेलीझे' होतं. गाण्यात असे जोड बोलण्यापेक्षा जास्त पाळले जातात, त्यामुळे शब्द कुठे संपला ते कळत नाही. वाचून ऐकायचं ते यासाठीच. अनुनासिक स्वरांसाठी कान तयार करावा लागतो, पण कोकणी आणि मालवणी बोलणाऱ्यांच्या जिभेवर ते आधीपासून आहेत, त्यांना ही पायरी ओलांडता येईल. 'र'बद्दल: जुने गायक तो आपल्यासारखा जिभेने घोळवतात, नवे घशातून काढतात. दोन्ही ठीक.

चौथी पायरी: ठेका आणि घडण ओळखा

फ्रेंच गाण्यात कडव्याला 'कूप्ले' आणि ध्रुपदाला 'रफ्रँ' म्हणतात. पण पुष्कळ मोठ्या गाण्यांना ध्रुपद नसतंच, नुसती कडवी एकामागून एक येतात आणि गोष्ट पुढे सरकते. ठेक्यांमध्ये सगळ्यात आधी 'व्हाल्स' ओळखायला शिका. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, पहिल्यावर वजन. दादऱ्याच्या तीन-तीन मात्रांची सवय असलेल्या कानाला तो पटकन सापडतो.

पॅरिसचा म्हणून जो अकॉर्डियन-व्हाल्स जगाला ठाऊक आहे, तो खरं तर बाहेरून आलेल्या गरिबांनी घडवला. मध्य फ्रान्सच्या ओव्हेर्न्य डोंगराळ भागातली माणसं कोळसा विकायला, छोटे कॅफे चालवायला पॅरिसला आली. बास्तीयजवळच्या र्यू द लाप या गल्लीत त्यांचे नाच चालत आणि 'काब्रेत' नावाची त्यांची पिशवीची बासरी वाजत असे. मग इटलीतून आलेले लोक अकॉर्डियन घेऊन आले. दोन्ही वाद्यं काही काळ एकत्र वाजली आणि शेवटी अकॉर्डियन उरलं. या नाचघरांना 'बाल म्युझेत' म्हणतात.

आता जाक ब्रेल. हा बेल्जियमचा, १९२९ साली ब्रसेल्समध्ये जन्मलेला. घडण कशी ऐकायची हे शिकायला याच्यासारखा गुरू नाही. 'ला व्हाल्स आ मिल ताँ' (१९५९) मध्ये व्हाल्स सावकाश सुरू होतो आणि प्रत्येक फेरीत वेग वाढतो, शेवटी शब्द तोंडातून अक्षरशः सांडतात. 'आम्स्टरडाम' तर त्याने स्टुडिओत कधी ध्वनिमुद्रितच केलं नाही. १९६४ च्या पॅरिसमधल्या ओलिंपिया सभागृहातल्या कार्यक्रमाचं मुद्रण हेच त्याचं रूप. बंदरावरच्या खलाशांचं गाणं: ते खातात, पितात, नाचतात, मरतात. चाल तीच, कडव्यामागून कडवं तीच, पण आवाज कुजबुजीपासून आरोळीपर्यंत चढत जातो आणि एकदम तुटतो. सोबत कागद घेऊन प्रत्येक कडव्याला आवाज किती वाढला याची रेघ ओढा. एका गाण्यात रचना कशी उभी राहते ते समोर दिसेल.

त्याचं 'न म कित पा' (१९५९) मात्र प्रेमगीत म्हणून पाठवण्याआधी नीट वाचा. सोडून चाललेल्या बाईपुढे माणूस किती खाली वाकतो, शेवटी तिच्या कुत्र्याची सावली व्हायलाही कसा तयार होतो, हे त्यात आहे. पुरुषाच्या भेकडपणाचं गाणं, असं ब्रेलने स्वतः त्याचं वर्णन केलं होतं.

पाचवी पायरी: एकटा माणूस आणि गिटार

जॉर्ज ब्रासँसपाशी पुष्कळजण अडखळतात. एक गिटार, मागे एक डबल बास, एक पाय खुर्चीवर, चेहरा निर्विकार. पहिल्या ऐकण्यात सगळी गाणी सारखीच वाटतात. त्याला वेळ द्या, कारण माझ्या मते या परंपरेतला सर्वांत पक्का कारागीर तोच आहे. १९२१ साली दक्षिणेच्या सेत बंदरात जन्मलेल्या या गवयाला फ्रेंच अकादमीने १९६७ मध्ये कवितेचा पुरस्कार दिला.

सुरुवात 'शाँसों पूर लोव्हेर्न्या' (१९५४) पासून करा. तीन अनोळखी माणसांचे त्यात आभार मानले आहेत. सगळ्या सभ्य लोकांनी दारं लावून घेतली तेव्हा एकाने सरपणाचे चार तुकडे दिले, एकीने पावाचे चार तुकडे दिले, आणि पोलीस पकडून नेत असताना एकजण नुसतं दुःखी हसला. तीनही कडवी एकाच साच्याची, फक्त देणाऱ्याची आणि दिलेल्या वस्तूची अदलाबदल. म्हणूनच नवशिक्याला पेलणारी. मग १९६४ चं 'ले कोपँ दाबोर' हे मैत्रीचं गाणं, ज्याचे शब्द वेगवान आहेत.

ब्रासँसने व्हिलों या पंधराव्या शतकातल्या कवीला आणि व्हिक्तोर ह्यूगोला चाली लावल्या. लेओ फेरेने बोदलेर, रँबो, आरागों गायले. इथे कवी आणि गाणं यांच्यामध्ये भिंत नाही. ज्यांनी मराठी भावगीतं कवीच्या नावासकट ऐकली आहेत त्यांना हा भाग आपलासा वाटेल. फेरेचं 'आवेक ल ताँ' मात्र मन हलकं असेल त्या दिवशी ऐका. काळाबरोबर सगळंच निघून जातं, असं तो म्हणतो आणि दिलासा देत नाही. ब्रेल, ब्रासँस आणि फेरे हे तिघं ६ जानेवारी १९६९ रोजी रेडिओच्या मुलाखतीसाठी एका टेबलाभोवती बसले होते. तिथलं छायाचित्र आजही फ्रान्समध्ये भिंतींवर दिसतं.

सहावी पायरी: गाण्यामागची हकीकत शोधा

बार्बाराचं 'गॉटिंगेन' हकीकत माहीत नसताना ऐकलं तर एका जर्मन शहराची स्तुती एवढंच वाटेल. बार्बारा ही फ्रेंच गायिका ज्यू होती. महायुद्धात तिचं बालपण फ्रान्समध्ये लपतछपत, जागा बदलत गेलं. १९६४ च्या उन्हाळ्यात तिला गॉटिंगेनच्या एका तरुण नाट्यगृहाकडून बोलावणं आलं. जर्मनीला जायचं तिच्या मनात नव्हतं. मोठा काळा पियानो हवा या अटीवर ती गेली, तर मंचावर साधा उभा पियानो. पियानो वाहून नेणाऱ्यांचा संप चालू होता. तिने गायला नकार दिला. मग विद्यार्थ्यांनी एका वृद्ध बाईच्या घरून मोठा पियानो वाहून आणला. कार्यक्रम उशिरा सुरू झाला, इतका रंगला की तिचा मुक्काम आठवडाभर वाढला, आणि शेवटच्या दिवशी नाट्यगृहाच्या बागेत तिने हे गाणं लिहिलं. गॉटिंगेनची मुलं पॅरिसच्या मुलांसारखीच आहेत, तिथे पुन्हा रक्त सांडू नये, असं ते म्हणतं. आवाज कुठेही चढत नाही. पुढे तिने ते जर्मनमध्येही गायलं.

सगळ्या गाण्यांमागे एवढी मोठी हकीकत नसते. पण 'ल ताँ दे सरीझ' हे १८६६ चं चेरीच्या मोसमाचं साधं प्रेमगीत १८७१ च्या पॅरिस कम्यूनच्या, म्हणजे चिरडल्या गेलेल्या कामगार-उठावाच्या, आठवणीशी कसं जोडलं गेलं, हे कळलं की ते फ्रेंच माणसाला का हलवतं ते समजतं. त्याचे शब्द लिहिणारा झाँ-बातीस्त क्लेमाँ स्वतः कम्यूनमध्ये होता.

आणखी एक हकीकत, कलावंतांनी लक्षात ठेवावी अशी. १८४७ मध्ये एर्नेस्त बूर्जे हा गीतरचनाकार पॅरिसच्या एका संगीत-कॅफेत मित्रांबरोबर बसला होता. त्याचंच गाणं तिथे वाजत होतं. त्याने साखरपाण्याचे पैसे द्यायला नकार दिला: तुम्ही माझं गाणं फुकट वापरता, मी तुमचं पेय फुकट पितो. प्रकरण कोर्टात गेलं, निकाल त्याच्या बाजूने लागला आणि १८५१ मध्ये गीतकार-संगीतकारांचं मानधन गोळा करणारी 'सासेम' ही संस्था उभी राहिली. ती आजही चालू आहे.

सातवी पायरी: एकच गाणं वेगवेगळ्या गळ्यांतून

'ले फय मोर्त' जॅझ ऐकणाऱ्यांना 'ऑटम लीव्ह्ज' या इंग्रजी नावाने माहीत असतं. शब्द कवी जाक प्रेव्हेरचे, चाल जोझेफ कोस्माची. इंग्रजीत बहुतेकजण सरळ ध्रुपदापासून सुरुवात करतात. फ्रेंचमध्ये इव्ह मोंताँ आधीचं लांब, जवळजवळ बोलल्यासारखं कडवं गातो, आणि त्या आठवणींच्या कडव्यानंतर ध्रुपद आलं की त्याचं वजनच बदलतं. दोन्ही पाठोपाठ ऐका. तसंच क्लोद फ्राँस्वाचं १९६७ चं 'कॉम दाबित्यूद'. संसारातलं प्रेम सवय होऊन विझत चाललंय, असं ते गाणं. याच चालीवर इंग्रजीत 'माय वे' म्हणून आयुष्याचा अभिमानी हिशेब मांडला गेला आणि तो जगभर गाजला.

आता पियाफकडे या. १९६० मधलं 'नों, ज न रग्रेत रियँ' ऐका. त्या वेळी ती खूप आजारी होती, ओलिंपिया कर्जात बुडालं होतं, आणि तिच्या कार्यक्रमांनी ते वाचलं. कान तयार झाल्यावर तिचे घोळवलेले 'र' अडथळा वाटत नाहीत. शब्द ठासून बसवण्याची ती रीत आहे, हे लक्षात येतं.

आठवी पायरी: फ्रान्सच्या बाहेर पडा

कॅनडाच्या केबेकमध्ये फ्रेंच गाणं वेगळ्याच मातीत वाढलं. तिथे एकाने ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी ती परत म्हणायची, अशी गाणी आहेत. वादक खुर्चीत बसून दोन्ही पायांनी जमिनीवर ताल धरतो. 'ला बोल्द्यूक' या नावाने ओळखली जाणारी मेरी ट्रॅव्हर्स निरर्थक अक्षरांची झरझर गुंफण गात असे. जिल व्हिन्योचं 'मों पेई' हिवाळ्यालाच आपला देश म्हणतं. त्याच्याच १९७५ च्या 'जाँ द्यू पेई'चं ध्रुपद केबेकमध्ये वाढदिवसाला नाव घालून गातात.

लुईझियानातलं केजन संगीत म्हणजे १७५५ पासून ब्रिटिशांनी हाकलून दिलेल्या आकादियन लोकांच्या वंशजांचं गाणं: फिडल, छोटं अकॉर्डियन, व्हाल्स आणि चिरा गेलेला उंच आवाज. त्यांची पहिली तबकडी १९२८ मध्ये निघाली. मॉरिशसचा सेगा हा गाण्याचा प्रकार फ्रेंचमध्ये नाही, तिथल्या क्रेओल भाषेत गातात, पण तिथल्या मराठी वंशाच्या कुटुंबांच्या कानावर सेगा आणि फ्रेंच गाणी दोन्ही असतात. तुमचे तिथे नातेवाईक असतील तर त्यांना विचारा, चांगली यादी मिळेल.

नव्या गाण्यांकडे

फ्रान्समध्ये १९९६ पासून रेडिओ केंद्रांना ४० टक्के गाणी फ्रेंच भाषेतली लावण्याचं बंधन आलं, आणि त्यातली निम्मी नव्या कलावंतांची किंवा नवी. फ्रेंच रॅपला याचा मोठा फायदा झाला. एमसी सोलार आणि मार्सेयचा 'आयाम' हा गट इथून सुरुवात करा. सोलारचा उच्चार स्वच्छ आहे. बेल्जियमचा स्त्रोमाए ब्रेलशी नातं सांगतो ते उगाच नाही: 'पापाऊते' (२०१३) नाचायला लावतं आणि त्यात नसलेल्या बापाचा शोध आहे. रॅपमध्ये अक्षरं उलटी करून बोललेले शब्द भेटतील. ते वर्गात शिकवत नाहीत, पण शब्दकोशात मिळतात.

शेवटी स्वतः गा

ऐकण्यावर थांबू नका. पट्टी आपल्या गळ्याला सोसेल ती घ्या, कारण ही गाणी उंच सुरांवर टिकलेली नसतात. आधी मजकूर तालात म्हणा, मग चालीत. आर्दीचं गाणं किंवा 'ल ताँ दे सरीझ' गिटारच्या मोजक्या कॉर्डवर बसतं, पेटीवरही बसतं. शब्द मराठी अक्षरांत लिहून घेतलेत तर जिथे 'ए' गायचा तिथे अ पूर्ण असल्याची खूण करा आणि जोडलेले शब्द एकत्र लिहा. १९८२ पासून फ्रान्समध्ये २१ जूनला संगीताचा उत्सव असतो, त्या दिवशी कुणीही रस्त्यावर उभं राहून गाऊ शकतं. आपल्याकडच्या आलियाँस फ्राँसेझमध्येही त्या सुमारास कार्यक्रम होतात. चौकशी मे महिन्यातच करा, म्हणजे एक गाणं नीट बसवायला वेळ मिळेल.